किल्टवर बेल्ट लावू की नको?

प्रश्न : नमस्कार ताई, मी मूळचा सांगलीचा, चार वर्षं झाली स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला आहे. पुढच्या महिन्यात इन्व्हर्नेसजवळ आमच्या टीममधल्या मित्राचं लग्न आहे आणि त्याने आम्हा चौघांना किल्टच, म्हणजे तो स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घागराच, घालून या असा आग्रह केलाय. भाड्याने अख्खा सेट घेतला. किल्ट, प्रिन्स चार्ली म्हणतात तो समारंभाचा आखूड काळा कोट, तीन बटणांचा वेस्टकोट, स्पोरन म्हणजे पुढे लटकवायचा बटवा, मोजे, बूट, आणि त्यात एक भला रुंद काळा बेल्ट पण आहे, पुढे मोठं चौकोनी चकाकतं बकल. आता मित्राचे वडील म्हणतात वेस्टकोट असेल तर बेल्ट लावायचा नसतो. दुकानदार म्हणतो सगळे लावतात, लाव बिनधास्त. आणि व्हिडिओ कॉलवर आमचे बाबा म्हणतात, अरे बेल्ट नाही लावलास आणि भर लग्नात ते सुटलं म्हणजे? खरं सांगू का, मलाही तीच धाकधूक आहे. नक्की काय करू?

उत्तर : आधी बाबांची काळजी मिटवू या, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे, बाकीचं मग आपोआप सुटेल. किल्ट बेल्टवर टिकत नाही. कधीच नाही. मी एडिनबरात किल्टच्या दुकानात शिवणकाम करते, रोज हे कपडे उसवते, सैल करते, घट्ट करते, त्यामुळे हे अगदी छातीठोकपणे सांगते.

तुमचा किल्ट आता पलंगावर पसरा आणि कमरेची बाजू नीट बघा. दोन किंवा तीन चामड्याच्या पट्ट्या दिसतील, प्रत्येकीला छोटं बकल. पुढे सपाट कापडाचे दोन पदर असतात, एक आतला एक बाहेरचा, आणि चुण्या सगळ्या मागे. घालताना चुण्या पाठीमागे घ्यायच्या, आतला पदर पोटावरून डावीकडे न्यायचा, त्याच्या टोकाची पट्टी डाव्या बाजूच्या कापडात जी चीर ठेवलेली असते तिच्यातून बाहेर काढायची आणि डाव्या बकलात ओढून लावायची. मग बाहेरचा पदर वरून उजवीकडे आणायचा आणि उजवीकडची बकलं लावायची. कापडाची झालर दिसते ती कड उजव्या हाताला आली म्हणजे बरोबर. वरच्या दोन पट्ट्या, डावी आणि उजवी, या सगळा भार घेतात. उजवीकडे खाली नितंबाजवळ तिसरी असेल तर ती फक्त पदर सपाट बसावा म्हणून, ती आवळायची नाही, आवळली की पुढचं कापड तिरकं ओढलं जातं आणि मग फोटोत ते वाकडं दिसतं.

आता बाबांना एवढंच सांगा, आईची साडी कशावर टिकते, परकराच्या नाडीवर की वरून घातलेल्या कंबरपट्ट्यावर? नाडी घट्ट असेल तर कंबरपट्टा काढून ठेवला तरी साडीला काही होत नाही. किल्टच्या चामड्याच्या पट्ट्या म्हणजे ती नाडी आणि तुमचा तो रुंद बेल्ट म्हणजे कंबरपट्टा. झालं.

आणि बेल्ट लावायचा की नाही यावर माझं मत विचाराल तर मित्राचे वडील बरोबर आहेत. प्रिन्स चार्ली कोट आणि वेस्टकोट घालणार असाल तर बेल्ट पिशवीतच राहू द्या.

का ते सांगते, कारण नुसतं 'नसतो लावायचा' म्हटलं की माणसाला ते पटत नाही, मलाही पटायचं नाही. वेस्टकोट जो शिवलेला असतो तो किल्टची वरची कड झाकण्यासाठीच तेवढ्या लांबीचा ठेवलेला असतो, त्याची दोन टोकं बरोबर कमरेच्या खाली येऊन पोटावर सपाट बसतात. आता त्याच्याखाली सव्वादोन इंच रुंदीचा पट्टा आणि तळहाताएवढं धातूचं बकल घाला. मधलं बटण फुगतं, खालची टोकं वर उचलली जातात, माणूस खुर्चीत बसला की बकल वेस्टकोटच्या खालून निम्मं डोकावतं, ना धड दिसतं ना धड झाकतं. वेस्टकोटला आतून ओरखडे पडतात ते वेगळंच, भाड्याचे कपडे परत येतात तेव्हा अस्तरावर नेमक्या त्याच जागी धागे निघालेले असतात, मी कितीतरी बदललेत. जे कोणाला दिसणारच नाही ते लावून कपड्याचा आकार बिघडवायचा, याला काही अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मग दुकानदार का देतो? कारण सेट सगळ्यांसाठी एकच भरलेला असतो. कोणी वेस्टकोटशिवाय घालतं, कोणी नुसत्या शर्टावर घालतं, त्यांना बेल्ट लागतो म्हणून तो सगळ्यांच्याच पिशवीत जातो. आणि आता लग्नांमध्ये दोन्ही एकदम घालणारे इतके झालेत की दुकानदार खोटं बोलतोय असंही नाही, 'सगळे लावतात' हे खरंच आहे. म्हणून तुमच्या चौघांपैकी कोणी लावला तर तिथे कोणी नावं ठेवणार नाही. पण चौघांनी एकच काय ते ठरवा. ग्रुप फोटोत तिघांचे वेस्टकोट सपाट आणि एकाचा फुगलेला, हे वर्षानुवर्षं भिंतीवर राहतं.

आता थोडं जुनं सांगते, कारण बाबांचा संशय अगदीच निराधार नाहीये, तो फक्त तीनशे वर्षं जुना आहे. आपल्याकडे साडी नि धोतर *नेसतात* आणि सदरा *घालतात*, हा फरक मराठीला फार छान कळतो. तर पूर्वी हायलंड्समधले, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले लोक किल्ट नेसायचे. शिवलेलं काही नव्हतंच. चार-पाच वार लांब लोकरीचं चौकड्यांचं कापड, माग अरुंद असायचे म्हणून दोन पट्टे शेजारी जोडून दीडेक वार रुंद केलेलं. त्याच्या मधल्या भागाला चुण्या घालायच्या, कमरेवर चामड्याचा पट्टा आवळायचा, पट्ट्याच्या खालचा भाग गुडघ्यापर्यंत घागऱ्यासारखा आणि वरचा भाग खांद्यावर टाकायचा, पाऊस आला की डोक्यावरून घ्यायचा, रात्री तेच सोडून पांघरूण. गेलिक भाषेत त्याला फेला मोर म्हणायचे, म्हणजे मोठा गुंडाळा. स्काय बेटावरच्या मार्टिन मार्टिन नावाच्या गृहस्थाने १७०३ साली छापलेल्या वर्णनात अगदी हेच लिहून ठेवलंय, कमरेला चामड्याचा पट्टा आणि पट्ट्यापासून गुडघ्यापर्यंत नीट घातलेल्या चुण्या. त्या कपड्यात बेल्ट सोडला की सगळं खाली. तिथे बेल्ट हाच जीव होता.

मग अठराव्या शतकात खालचा अर्धा भाग वेगळा झाला, फेला बेग, छोटा गुंडाळा. तो पहिल्यांदा कोणी काढला यावर इथे अजून वाद घालतात, लँकेशरहून लोखंडाच्या भट्टीसाठी आलेल्या रॉलिन्सन नावाच्या इंग्रजाचं नाव घेतात आणि ते ऐकून काही स्कॉटिश माणसं भडकतात, त्यात मी पडत नाही. तुम्ही ज्या इन्व्हर्नेसला चाललाय त्याच्या शेजारीच कलोडनचं मैदान आहे, १७४६ च्या एप्रिलमध्ये तिथे हायलंडर्सचा पराभव झाला आणि त्याच वर्षी कायदा करून पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी केली, सैन्यातल्या पलटणी सोडून. ती बंदी १७८२ साली उठली. तीस-पस्तीस वर्षं घरातल्या पुरुषाने आपला कपडा अंगाला लावायचा नाही, वेळ असेल तर लग्नाच्या आदल्या दिवशी ते मैदान बघून या, मग अंगावरचा किल्ट वेगळाच वाटतो.

अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी चुण्या हाताने शिवून पक्क्या करायला लागले. चुण्या शिवल्या, पुढे चामड्याच्या पट्ट्या आल्या, नेसायचं वस्त्र घालायचं झालं आणि बेल्टचं मूळ काम संपलं. आजचा पुरता किल्ट आठ वार कापडाचा असतो, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा एक वारच कमी, आणि त्यातलं बहुतेक कापड मागच्या चुण्यांमध्येच जातं. कमरेपासून नितंबापर्यंत प्रत्येक चुणी एकेक टाक्याने शिवलेली असते. एवढं शिवलेलं वजनदार कापड दोन चांगल्या बकलांवर दिवसभर जागचं हलत नाही, नाच करा, धावा, काही करा.

तरी बेल्ट टिकला कारण तो दिसतो छान. मग लावायचा कधी? जेव्हा कंबर उघडी दिसणार असेल तेव्हा. नुसता शर्ट आणि किल्ट असेल, किंवा ट्वीडचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, दिवसा घालायचा कोट असेल आणि आत वेस्टकोट नसेल, तर बेल्ट हवाच, कारण नाहीतर कोटाची बटणं उघडी असताना मधोमध शर्ट संपतो आणि किल्ट सुरू होतो ती जागा ओकीबोकी दिसते, पट्ट्याबिट्ट्या सगळं दिसतं. स्वेटर घालणार असाल आणि तो कमरेखाली येत असेल तर काय लावा न लावा. एक माँट्रोज नावाचा उंच कॉलरचा कोट असतो, त्याच्यावर मात्र बेल्ट कोटाच्या *वरून* लावतात, तसंच पलटणीतल्या बॅगपाइपवाल्यांचं, त्यांचाही रुंद पट्टा अंगरख्यावरूनच असतो. आणि हायलंड गेम्सना, म्हणजे इथल्या पारंपरिक खेळांच्या मेळाव्याला गेलात तर लाकडाचा अख्खा ओंडका उभा उचलून फेकणारे गडी दिसतील, टी-शर्ट, किल्ट आणि कमरेला जाड पट्टा, तो पाठीला आधार म्हणून, किल्टसाठी नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते म्हणून सांगते. स्पोरन, म्हणजे पुढे लटकणारा तो बटवा, तो बेल्टला अडकवायचा नसतो. त्याचा स्वतःचा साखळीचा पट्टा येतो, मागे चामडं आणि बाजूंना साखळी. किल्टच्या मागे कमरेला दोन लूप शिवलेली असतात त्यातून तो ओवून घ्या म्हणजे सरकत नाही. वेस्टकोटच्या टोकाखाली साधारण चार बोटं सोडून स्पोरनचा वरचा काठ यावा. त्याच्या खाली गेला तर चालताना मांडीवर आपटतो, वर गेला तर पोट मोठं दिसतं.

रात्री जेवणं झाली की 'केली' नावाचा कार्यक्रम असेल, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचे त्यांचे नाच, त्यात स्ट्रिप द विलो नावाचा प्रकार आला की हात धरून इतक्या जोरात गरागरा फिरवतात की विचारू नका. त्याआधी स्पोरन सरकवून कमरेच्या एका बाजूला घ्या, सगळे घेतात. तोपर्यंत उकडून कोट काढलेला असेल, वेस्टकोट ठेवा. वेस्टकोट पण काढावासा वाटला तर त्या वेळी तो पिशवीतला बेल्ट काढून लावा, तेव्हा तो शोभेल. म्हणून म्हटलं घरी नका ठेवू, पिशवीत ठेवा.

आणि लग्नाच्या दोन दिवस आधी घरी एकदा सगळं घालून अर्धा तास वावरा. जिने चढा उतरा, खुर्चीत बसा, बसताना दोन्ही हात मागून खाली फिरवून चुण्या सपाट करून बसायचं, काकू लोक साडी सावरून बसतात अगदी तसंच. चार उड्या मारा. बेल्ट न लावता. बाबांना व्हिडिओवर दाखवा.

प्रश्न : मी ग्लासगोला असतो. लग्न-रिसेप्शनसाठी स्वतःचा किल्ट शिवून घेतला, पैसेही चांगले मोजले, पण तो घसरतो. बेल्ट कितीही आवळला तरी तासाभराने खाली. बेल्ट खराब आहे का? दुसरा घेऊ का?

उत्तर : दुसरा बेल्ट घेऊ नका, पैसे वाया जातील. किल्ट तुम्ही जीन्सच्याच जागी घालता ना? दहातल्या आठ जणांचं हेच होतं. जीन्स आपण बेंबीच्या कितीतरी खाली घालतो. किल्ट बेंबीच्या पातळीवर, खरं तर जराशा वरच घालायचा असतो, तिथे शरीराचा घेर वेगळा, सहज दोन-तीन इंचांचा फरक पडतो. शिवणारा किल्ट त्या वरच्या कमरेला बसेल असा कापतो आणि आपण सवयीने तो जीन्सच्या जागी घालतो, मग तिथे हाडावर तो टेकायला जागाच मिळत नाही आणि घसरतो. बेल्ट आवळून काय होतं, पट्ट्याखाली कापड गोळा होतं, चुण्या वाकड्या होतात आणि पोटाला वळ उठतो.

आरशासमोर उभं राहून तो वर ओढा, बेंबीपर्यंत. खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर आली पाहिजे. वर ओढल्यावर गुडघे बरोबर दिसले तर किल्ट उत्तम शिवलाय, फक्त तुम्ही खाली घालत होतात. वर ओढूनही सैल वाटत असेल तर ज्याच्याकडे शिवला त्याच्याकडे न्या आणि बकलं सरकवून द्यायला सांगा. छोटं काम आहे, बकल उसवायचं, इंचभर मागे घेऊन परत शिवायचं. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, तब्येत उतरली होती बिचाऱ्यांची, आजोबांचा किल्ट होता आणि ते बेल्टखाली सेफ्टी पिना लावून घालत होते, कापडाला भोकंच भोकं. तिन्ही बकलं दीड दीड इंच सरकवली आणि ते तिथेच दुकानात हात वर करून उभे राहिले बघायला की पडतो का. नाही पडला. त्या कापडात अजून पन्नास वर्षं आहेत, पिनांनी उगाच मारू नका.

प्रश्न : पुण्याहून लिहितेय. मुलाचं एडिनबरा युनिव्हर्सिटीत मास्टर्स झालं, पदवीदानाला त्याला किल्ट घालायचाय, मित्राचा किल्ट आणि ट्वीडचा कोट मिळतोय, वेस्टकोट नाही. बेल्ट तेवढा आम्ही इथून पाठवू का? ह्यांचा ऑफिसचा चांगला लेदरचा आहे. आणि आपण स्कॉटिश नसताना हे घालणं बरं दिसतं का?

उत्तर : अभिनंदन सांगा त्याला! वेस्टकोट नाही म्हणजे त्याने बेल्ट लावायलाच हवा, पण ऑफिसचा नको. पँटचा बेल्ट सव्वा-दीड इंचाचा असतो, तो किल्टवर दोरी बांधल्यासारखा दिसतो आणि वरच्या पट्ट्या त्याच्याखाली झाकल्या जात नाहीत. किल्टचा बेल्ट साधारण सव्वादोन इंच रुंद असतो, बकल वेगळं मिळतं, आणि बऱ्याच बेल्टना आतून वेल्क्रो असतं त्यामुळे भोकं पाडायची भानगड नाही. तिथेच घेऊ दे. मापाची टेप *किल्ट घातल्यावर*, कापडावरून, बेंबीच्या पातळीला फिरवायची, एवढं कापड आत असतं त्याचाही घेर धरावा लागतो. ट्वीडचा कोट असेल तर तपकिरी चामडं जास्त खुलतं, पण स्पोरन आणि बूट काळे असतील तर बेल्टही काळाच घ्यायचा, तिन्ही चामडी एका रंगाची. एकच विकत घ्यायचाय आणि पुढे संध्याकाळच्या समारंभालाही वापरायचाय असं असेल तर काळा.

स्कॉटिश नसण्याचं मनातून काढून टाका. इथली माणसं आपण किल्ट घातलेला बघून मनापासून खूश होतात, माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. कुठल्या घराण्याचं टार्टन, म्हणजे किल्टच्या चौकड्यांचा ठरावीक नमुना, चुकून घातलं तर काय अशी भीती वाटत असेल तर ब्लॅक वॉच नावाचा नमुना घालू दे, गडद निळा-हिरवा, तो कोणीही घालतं. मित्र आपल्या घराण्याचं टार्टन स्वतःहून देतोय तर त्याहून चांगलं काय, तो मान आहे.

मोज्यात खोचायची छोटी सुरी असते, स्कीन डू म्हणतात, ती मित्राने दिली तर समारंभात चालते, स्कॉटलंडच्या १९९५ च्या कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून तशी सूट आहे, तरी युनिव्हर्सिटीच्या हॉलचे स्वतःचे नियम असतात ते आधी विचारून घेऊ दे. आणि आठवण म्हणून एखादी विकत घेऊन पुण्याला आणणार असेल तर विमानात हँडबॅगेत नको, चेक-इनच्या बॅगेत टाकायला सांगा. बेल्ट मात्र हँडबॅगेतच आणू दे, गुंडाळून, दुमडून नाही, दुमडला की चामड्याला जी घडी पडते ती जात नाही.